तो मरळ

पितृपक्षात पुण्यात कुणी नवी चप्पलसुद्धा घेत नाही, आणि आम्ही नेमके तेव्हा प्रवासाला निघालो. शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं.

"कुठे?"

"नदीवर."

त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "कुणाचं आहे आज?"

या दिवसांत नारायण पेठेतला माणूस नदीवर जातो तो श्राद्धाला, तेव्हा प्रश्न चुकीचा नव्हता. "कुणाचंही नाही. मासा बघायला चाललेय," असं म्हटल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

नदी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. एवढ्याशा जाण्याला प्रवास कसला म्हणायचा, असं कुणीही विचारेल. लोक मानसरोवराला जाऊन येतात आणि परत आल्यावर चार महिने बोलत राहतात. पण खरं सांगा, पुलांवरून आपण किती वेळा गेलो आणि पाण्यापाशी किती वेळा? पुलावर नाकाला रुमाल लावायचा आणि पलीकडे गेल्यावर काढायचा, एवढाच आपला नदीशी संबंध. तेव्हा न गेलेल्यांसाठी लिहायला हरकत नाही.

बरोबर होते शेख सर. आम्ही दोघांनी उभी नोकरी एकाच शाळेत केली. मी मराठी शिकवायची, ते जीवशास्त्र. प्रयोगशाळेच्या कपाटात एका उंच बरणीत त्यांची मरळ होती. फॉर्मॅलिनमध्ये राहून राहून तिचा रंग शिळ्या भाकरीसारखा झाला होता. ती बरणी हातात घेऊन सरांनी पिढ्यान्‌पिढ्यांना सांगितलं, की हा मासा शिकारी आहे, त्याचं डोकं सापासारखं असतं, तो वर येऊन हवा घेतो, आणि पिल्लं झाली की खाणंपिणं विसरून त्यांची राखण करतो. पिल्लं लालभडक असतात. शेकडो पिल्लांचा एक गोळा पाण्यात वर येतो, खाली जातो, आणि त्याच्या खाली बाप फिरत असतो. हे सगळं सर इतकं रंगवून सांगायचे, की मी मोकळ्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायची.

पण सरांनी हे स्वतः कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत, मुलीचं लग्न झालं की, निवृत्त झालो की, असं राहत गेलं. आणि मग काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, थेंबांनी आहे तेवढं टिकेल. बाजूचं सगळं गेलं होतं. समोरचं नळीतून पाहिल्यासारखं उरलं होतं, आणि नळी अरुंद होत चालली होती. भाभींना, म्हणजे सरांच्या बायकोला, वाटलं, आता हे नातवाकडे जाऊ म्हणतील. सर म्हणाले, "एकदा तो मरळ पिल्लांवर असताना पाहायचाय. आपल्याच नदीत."

"ती मरळ," मी म्हटलं. सवय जात नाही.

"राखण नर करतो, बाई. बहुतेक वेळा बापच."

"असेल. शब्द स्त्रीलिंगी आहे. ती मरळ, त्या मरळी."

"म्हणजे मी काय म्हणू? 'ती मरळ बाप झाली'?"

"घार नर असली तरी घारच म्हणतो ना आपण? भाषेला माशाच्या संसाराशी काय करायचंय?"

"तुमचं व्याकरण तुम्ही नारायण पेठेत ठेवून या," सर म्हणाले. हे भांडण आमचं प्रवासभर चाललं. आता आठवलं की वाटतं, तेवढंच काय ते सुखाचं होतं.

निघताना भाभींनी मला एक डबा दिला आणि एक छोटी बाटली. डब्यात माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर केलेले मेथीचे पराठे होते. बाटलीत थेंब होते. "संध्याकाळी आठवण करा हो. विसरतात ते," त्या म्हणाल्या.

ओंकारेश्वराच्या मागे

सुरुवात शनिवार पेठेच्या बाजूने केली. घाटावर गर्दी होती. पानावर भाताचे पिंड ठेवून माणसं आभाळाकडे पाहत उभी होती, आणि कावळे पलीकडच्या भिंतीवर बसून मजा बघत होते. पूर्वी ज्यांच्या आत्म्याचं काही राहून गेलंय त्यांच्याच पिंडाला कावळा शिवत नसे. आता कुणाच्याच शिवत नाही. सगळ्यांचंच काहीतरी राहून गेलेलं असावं.

धरणातून सोडलेलं पाणी बंद झालं होतं आणि नदीत उरलं होतं ते आपलं, घराघरांतलं. एकाने पिंड पाण्यात सोडला तशी खालून भराभर तोंडं वर आली. मी ओरडले, "सर, मासे!"

सरांनी मान इकडेतिकडे वळवून त्यांची नळी त्या जागेवर आणली. बराच वेळ पाहिलं. "चिलापी. आफ्रिकेतली. कशातही जगते. भात खाते, घाणही खाते."

शेजारचे एक गृहस्थ सोवळं सावरत म्हणाले, "खायला नेणार असाल तर नेऊ नका हो. गटारातले आहेत."

"तुमच्या वडिलांचा भात त्यांनीच खाल्लाय," मी म्हटलं. ते दुसऱ्या पायरीवर गेले.

आम्ही काठाकाठाने चालायला लागलो. काठाने म्हणजे भिंतीने. सर काठी टेकत बोलत होते. मरळीला खोल पाणी नको असतं, मधली धार तर नकोच. ती पाठलाग करणाऱ्यांतली नव्हे, दबा धरणाऱ्यांतली. तिला संथ पाणी हवं, वाकलेलं गवत हवं, बुडालेल्या फांद्या हव्यात. तिथे ती लाकडासारखी पडून राहते, आणि बेडूक किंवा मासोळी समोर आली की एकदाच झडप घालते. अंडीही काठालाच, गवत बाजूला सारून केलेल्या वाटोळ्या जागेत. अंडी पाण्यावर तरंगतात आणि खाली बाप.

"आपल्याला काठ म्हणजे चिखल वाटतो, डास वाटतात," सर म्हणाले. "त्यांचा तो पाळणा आहे."

मी पुढे पाहिलं. जिथवर नजर जात होती तिथवर दगड, सिमेंट, मग जलपर्णी, मग परत दगड. गवताचं एक वाकलेलं पातं पाण्याला टेकलेलं दिसेना. नदी आहे, पाणीही आहे, आणि मासा राहील अशी वीतभर जागा नाही. एखाद्या घरात सगळ्या खोल्या असाव्यात आणि एकही कोपरा नसावा तसं झालं होतं. मला तिथेच रडू आलं. सरांना ते दिसलं नाही, कारण मी त्यांच्या बाजूला होते.

गणेश पेठ

नदीत नाही तर बाजारात तरी जिवंत मरळ पाहू, म्हणून दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात गेलो. मी जन्मात तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. पितृपक्ष असल्यामुळे बाजार मात्र सुस्त होता. पूर्वज जेवायला येतात त्या दिवसांत आम्ही त्यांना भाजीपाला वाढतो. ते खाली येऊन कुरकुर करत असतील तर ठाऊक नाही.

एका बाईंच्या टोपल्यात मरळी होत्या. काळसर, मनगटाएवढ्या जाड, अंगावर ओलं गोणपाट. पाणी जेमतेम पोटाला लागेल एवढं.

"अहो, पाणी तरी घाला की त्यांना," मी म्हटलं.

बाई हसल्या. सरच म्हणाले, "नको, बाई. त्याला कल्ल्यांवर भागत नाही. डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. दर थोड्या वेळाने वर यायचं, तोंडभर हवा घ्यायची आणि खाली जायचं. म्हणून तो चिखलात जगतो, ओल्या गवतातून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो. मात्र वर यायची वाट बंद केलीत तर पाण्यात बुडून मरेल."

"मासा? बुडून?" मी भर बाजारात खो-खो हसले. आजूबाजूचे वळून पाहायला लागले. सरही हसले. "तीस वर्षं मुलंही याच वाक्याला हसायची."

सरांनी टोपल्यापाशी बसून एका मरळीवर नळी रोखली. डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश, तुकड्यातुकड्याने तिला पाहिलं. मग त्या बाईंना विचारलं, पिल्लांवरची कुठे मिळेल?

"पिल्लावरची कोन धरतं आता? आन धरायची नसती ती," बाई म्हणाल्या. "तशी सोपी असती. पिल्लांत हात घातला की आंगावर येती. पळत न्हाई. म्हनूनच धरू नये. ही समदी उजनीची हाय. पुन्याची मरळ इचारू नका मला, माझ्या सासूनं इकली आसंल."

सर काठी टेकून उठले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "मी उशीर केला."

त्याच दुपारी माझ्या भाचीने, ऋताने, फोनवर एक व्हिडिओ पाठवला. ती आणि तिचा नवरा अमेय हिंजवडीला राहतात. तिने लिहिलं होतं, 'मावशी, सोसायटीच्या मागच्या ओढ्यात हे काय आहे? अमेय म्हणतो केमिकल असेल.' व्हिडिओत गढूळ पाण्यावर लाल काहीतरी खदखदत होतं. मिसळीच्या पातेल्यात तर्री हलावी तसं. क्षणभर वर आलं, पसरलं, परत गोळा होऊन खाली गेलं.

मी फोन सरांच्या डोळ्यांजवळ धरला. त्यांनी तो तीनदा लावायला सांगितला, आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसला.

हिंजवडी

रस्त्याचं वर्णन करत नाही. जे गेलेत त्यांना माहीत आहे आणि जे गेले नाहीत त्यांचा विश्वास बसणार नाही. एवढंच सांगते, की भाभींनी पुन्हा भरून दिलेला पराठ्यांचा डबा वाटेतच संपला.

हिंजवडी हे गाव आहे असं म्हणतात. आम्हाला ते कुठे दिसलं नाही. काचेच्या इमारती, त्यांच्या पायथ्याशी चहाच्या टपऱ्या, गळ्यात पट्टे घातलेली मुलं, आणि मधेच एक म्हसोबा, त्याच्याभोवती पार्किंग. आमच्याकडे पेठेत कुणाच्या दारात गाडी लावली तर पाटी लावून अपमान करतात. इथे पाटी लावायला दारच कुणाचं नाही.

ऋताची सोसायटी चकचकीत. आत बाग, बागेत निळ्या फरशांचं कारंजं. मागे उंच भिंत, आणि भिंतीपलीकडे तो ओढा. त्या बाजूला फाटक नाही. ओढ्यावर जायचं तर मुख्य रस्त्याने पूर्ण वळसा घालावा लागतो. अमेयने गाडीने नेलं. गुणी मुलगा आहे. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि दर शनिवारी सोसायटीतल्या लोकांना घेऊन ओढ्यातलं प्लास्टिक काढतो. हे मी उपरोधाने लिहीत नाही. मी चाळीस वर्षं नदीपाशी राहून एक पिशवी काढलेली नाही.

पोचेपर्यंत ऊन तिरपं झालं होतं. ओढ्याने तिथे वळण घेतलंय, आणि बांधकामाचा राडारोडा अजून त्या वळणापर्यंत पोचला नव्हता म्हणून एक डोह राहिला होता. एक बाभूळ पाण्यावर वाकलेली होती, काठाला दाट लव्हाळं. खाली पाणी साबणासारखं, वर फेस. गवत कापणारी एक बाई म्हणाली, "हितं सोसायट्यांचं पानी येतं. आमी हात बी घालत न्हाई. पन मासा हाय. कसा जगतो त्यो, द्येवाला म्हाईत."

आम्ही बसलो. थोड्या वेळाने बाभळीखाली पाणी लाल झालं.

ते कसं सांगू? प्रत्येक पिल्लू काडीएवढं, आणि सगळी मिळून एक जीव. वर येऊन चुटूचुटू हवा पीत होती. त्यांच्या खालून एक जाड काळी सावली सरकत गेली. कडेला एक बेडूक हलला तशी ती सावली वळली आणि पाणी फाटल्यासारखं झालं. बेडूक नव्हता. सावली परत पिल्लांखाली.

"सर! बाभळीखाली! डावीकडे... थोडं अलीकडे..."

सर मान फिरवत होते. ऊन समोरून येत होतं आणि सगळं पाणी पत्र्यासारखं चमकत होतं. "कुठे, बाई?"

"ते काय, लाल... आता खाली गेली. थांबा. आता वर... सर, काठीच्या सरळ रेषेत!"

मी त्यांची हनुवटी धरून वळवली. नोकरीत असताना त्यांच्याशी हस्तांदोलनही केलं नव्हतं. "नाही दिसत," ते म्हणाले. "नुसता उजेड दिसतोय."

तेवढ्यात तो वर आला. काळं, चपटं डोकं पाण्याबाहेर, एक घोट हवा, आणि 'गुळुक' असा आवाज. सरांनी माझा हात घट्ट धरला. "हा तो! ऐकलं मी!" त्यांचा चेहरा त्या वेळी असा झाला होता की मला दुसरं काही बघावंसं वाटेना. "सकाळी येऊ. सकाळी ऊन पाठीमागून असेल. आठाच्या सुमारास. दिसेल मला."

रात्री जेवताना मी आठवण केली आणि त्यांनी थेंब टाकले. अमेय त्यांना विचारत होता, "सर, ते सारखे वर येऊन गॅस्प करत होते ना, म्हणजे पाण्यात ऑक्सिजनच नाहीये. सफर होत असतील ते."

"नाही हो, तो त्यांचा श्वासच आहे," सर म्हणाले. "तो हवेतच..."

"हां, एअर ब्रीदर. वाचलंय मी." तेवढ्यात त्याला परदेशातून फोन आला आणि तो गॅलरीत गेला. तो परत आला तेव्हा सर मला म्हणत होते, "गढूळ पाणी, त्यात माझे असे डोळे. काचेसारखं पाणी असतं तर मीसुद्धा पाहिलं असतं, बाई."

अमेयने ते ऐकलं. मला त्याचा चेहरा आठवतो. त्यात सरांबद्दल माया होती, दुसरं काहीही नव्हतं.

कारंजं

सकाळी सर लवकर तयार होऊन, टोपी घालून बसले होते. अमेय घरात नव्हता. ऋता म्हणाली, "मावशी, पोहे खाऊन घ्या. त्याने तुम्हाला थांबवून ठेवायला सांगितलंय. सरप्राइज आहे सरांना."

सरांनी पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा नको म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन उन्हाची दिशा बघून आले. "ऊन छान पडलंय. उशीर नको व्हायला," ते दर थोड्या वेळाने म्हणत होते. मग ऋताचा फोन वाजला आणि आम्हाला खाली बोलावलं.

बागेत सोसायटीतली मंडळी जमली होती, सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टी-शर्ट. कुणाचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. आम्हाला पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, "सर, रेस्क्यू सक्सेसफुल!"

कारंज्याच्या हौदात, निळ्या फरशीवर, स्वच्छ पाण्यात लाल पिल्लांचा गोळा होता.

मी तोंड उघडण्याआधीच सर पुढे झाले. कठड्यावर हात टेकून वाकले. निळ्यावर लाल, आणि पाठीमागून ऊन. "दिसतात!" ते ओरडले. "बाई, दिसतात! अहो, किती आहेत! बघा, कसे एकत्र... मी सांगायचो ना, अगदी तसंच!" एवढ्या वर्षांत मी त्यांना असा आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही आनंद झाला.

मग ते थांबले. पाण्यातून नळी इकडून तिकडे फिरवली. "बाप कुठाय?"

"तेच तर सरप्राइज," मागून अमेय आला. दमलेला, घामाघूम, हाताला चावा घेतल्याची जखम. "पहिल्या खेपेला फक्त पिल्लं मिळाली. मग परत जाऊन त्यांच्या जागी जाळी घातली तर स्वतःच येऊन धडकला. आणायला फार वेळ लागला पण. रस्ता खणून ठेवलाय, आयटी पार्कचा अख्खा फेज फिरून आलो." दोघांनी गाडीतून निळा ड्रम उतरवला. घट्ट झाकण, वर लोखंडी कडी. "हा मासा उडी मारतो, वाचलं होतं मी. म्हणून झाकण पॅक केलं. आणि पाणी आरओचं, सर. काठोकाठ भरलंय. जरा जागा ठेवली असती तर हिसक्याने डोकं आपटलं असतं त्याचं."

"काठोकाठ?" सर म्हणाले.

"पूर्ण. हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही."

भर बाजारातलं माझं हसणं मला आठवलं.

कडी काढली. पाणी थोडं बाहेर सांडलं. वर, अगदी पाण्याच्या पातळीला, झाकण जिथे होतं तिथे त्याचं तोंड होतं. नाकपुडीवरची कातडी घासून पांढरी झाली होती. एवढ्या वाटेत तो झाकणाला धडका देत राहिला असणार, आणि गाडीत गाणी लावली असतील.

"झोपलाय का?" मागून एका बाईंनी विचारलं.

सरांनी हात घालून त्याला पोटाखालून उचललं. दोन्ही हातांवर आडवा घेतला, आणि डोळ्यांपाशी नेऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश पाहिला. तो मरळ मेला होता. मी तसंच लिहिते आहे. तो मरळ. छापणाऱ्याने दुरुस्त करू नये.

"बुडाला," सर म्हणाले.

"मासा?" कुणीतरी हसलं. दुसरं कुणी हसलं नाही. अमेयचा चेहरा हळूहळू पडत गेला. गॅलरीत जाताना अर्धवट ऐकलेलं वाक्य त्याला आता पूर्ण ऐकू आलं असावं. मला त्याला खूप काही बोलायचं होतं. बोलण्याच्या बाबतीत मी कधी कमी पडत नाही. पण त्याच्या हातावरचा चावा दिसत होता, आणि तो सगळा खटाटोप त्याने एका म्हाताऱ्याला स्वच्छ दिसावं म्हणून केला होता. वाईट माणसाने केलं असतं तर रागावता तरी आलं असतं. इथे रागाला धरायला जागाच नव्हती.

"सर, मी पिल्लं परत ओढ्यात सोडतो. आत्ता सोडतो," तो म्हणाला.

"कुणापाशी?" सरांनी विचारलं.

मंडळी एकेक करून पांगली. सर कारंज्याच्या कठड्यावर बसून राहिले. थोड्या वेळात कारंज्याच्या तोटीवर एक खंड्या येऊन बसला. पहिल्यांदा सूर मारला तेव्हा पिल्लांचा गोळा फुटला आणि मग परत जमला. सरांनी काठी उगारली. पण खंड्या बाजूने यायचा, आणि सरांची बाजू कधीच गेली होती. ते काठी उचलून समोरच्या रिकाम्या हवेत फिरवत होते. मी पदर हलवून हाकलायची, तो दुसरीकडून यायचा. असं दुपारपर्यंत चाललं. आमच्या दोघांत मिळून त्या एका माशाएवढी राखण झाली नाही.

उरलेली पिल्लं अमेयने बादलीतून ओढ्यात नेली. बादली त्याने अर्धीच भरली होती. पुढच्या आठवड्यात ऋताने कळवलं, की रोज जाऊन बघतो, लाल काही दिसत नाही.

परत नारायण पेठ

येताना सर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी मुद्दाम म्हटलं, "ती मरळ..." आणि थांबले. त्यांनी दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर दोन-तीन संध्याकाळी मी फोन केला. थेंब टाकले का विचारलं की "हो" म्हणायचे. मग भाभींचा फोन आला. बाटली होती तेवढीच आहे, म्हणाल्या. हिंजवडीहून आल्यापासून उघडलेलीच नाही.

सर्वपित्रीच्या दिवशी संध्याकाळी मी रविवार पेठेत त्यांच्याकडे जायला निघाले. जिन्यात काकू भेटल्या. "कुणाचं आहे आज?"

मी जिना उतरून गेले.

सर खिडकीपाशी बसले होते. मी बाटली घेतली, म्हटलं, मान वर करा. शाळेतल्या मुलासारखी त्यांनी केली, पण डोळे मिटलेले.

"उघडा, सर. डॉक्टर म्हणालेत ना, आहे तेवढं टिकेल."

"जे पाहायचं होतं ते अगदी स्वच्छ दिसलं, बाई," ते म्हणाले. "आता कशासाठी टिकवू?"

भाभी दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी बाटली तशीच धरून उभी राहिले. सरांनी डोळे उघडले नाहीत.